उंबऱ्यावरच्या घागरी

संपादक म्हणाले, "सिस्टर, बाळंतपणाच्या वॉर्डातले अनुभव लिहा, वाचकांना आवडतील." आवडले असते, यात शंका नाही. पण उभा जन्म त्या वॉर्डात काढल्यावर मला वाटतं की बाळंतपणं सगळी सारखीच असतात, ओरडण्याची भाषा तेवढी बदलते. लातूरच्या बाईची मराठी, उदगीरपलीकडची असली तर कानडी, देगलूरकडची असली तर तेलुगू. 'अजून थोडा जोर लाव' हे एक वाक्य मला तिन्ही भाषांत येतं आणि त्याच्या जोरावर माझी नोकरी निभावली. तेव्हा मी लिहिणार आहे ते माझ्या दुसऱ्या नोकरीबद्दल. तिला पगार नव्हता, रजा नव्हती आणि मला कुणी नेमलंही नव्हतं. मी आमच्या प्रार्थनेच्या खोलीची शमाश होते.

शमाश म्हणजे सिनेगॉगचा राखणदार समजा. झाडलोट करायची, दिवे लावायचे, नवखा कुणी आला तर त्याला पुस्तकातलं पान काढून द्यायचं आणि दार उघडायचं, लावायचं. खरं तर हे पुरुषाचं काम. पण लातूरला सिनेगॉगच नव्हतं, तर शमाश कुठून येणार? खोली माझ्या घरातली, केरसुणी माझी, किल्ली माझ्या कमरेला. मग काम कुणाच्या गळ्यात पडणार ते उघड होतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आमचे वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून, आमचं थळकर. आमच्या घरात भाकरी मराठी, ओव्या मराठी, भांडणंही मराठी. फक्त देवाशी बोलायचं ते हिब्रूत, आणि त्यातलंही निम्मं समजत नाही. देवाला समजत असावं.

लातूर उस्मानाबादेतून फुटून नवा जिल्हा झाला आणि माझी बदली तिकडे झाली. शालोमनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, आयटीआयमधली आपली जागाही तिथे करून घेतली. नवा जिल्हा म्हणजे नुकतं लग्न झालेलं बिऱ्हाड. पाट्या कोऱ्या, खुर्च्या अपुऱ्या, आणि जो तो साहेब दुसऱ्या साहेबाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून कारभार करतोय. राहायला जागा मिळणं महाकठीण. आम्हाला ती मिळाली गंजगोलाई बाजारपेठेच्या मागच्या एका गल्लीत, शिवगंगाबाईंच्या घरात. सगळे त्यांना अक्का म्हणत. लिंगायत बाई, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, स्वतःचं तेलाचं दुकान. नवऱ्यामागे त्यांनी आणि बसवराज या मुलानं ते चालवलं होतं.

अक्कांनी आम्हाला ओट्यावर उभं करूनच विचारलं, "तुमी कोन?"

"ज्यू," मी म्हणाले.

"म्हंजी किरिस्ताव?"

"नाही."

"मुसलमान?"

"नाही."

"मग जैन हाव काय?"

"मटण खातो, अक्का."

"हे वाईट झालं," अक्का म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. तेवढ्यात शालोमना काय सुचलं कुणास ठाऊक, ते म्हणाले, "आमचे आजोबा तेलाचा घाणा चालवायचे."

अक्का थांबल्या. "बैलाचा?"

"बैलाचाच. पण शनिवारी बैलाला जुंपायचे नाहीत. देवाचा वार."

"आमी सोमवारी जुंपत न्हाई," अक्का म्हणाल्या. मग आम्हा दोघांकडे वरपासून खालपर्यंत बघून त्यांनी किल्ली दिली. अट एकच घातली, की पुढच्या खोलीत मटण शिजवायचं नाही. आम्ही त्या पुढच्या खोलीत देव आणला. तो काही मटण मागत नाही.

आता कामाबद्दल. आमची सामुदायिक प्रार्थना पूर्ण व्हायला दहा पुरुष लागतात. नऊ असले आणि दहावी म्हणून माझ्यासारखी धडधाकट बाई समोर उभी असली, तरी ते नऊच. लातूरला बदलीवर आलेली आमची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे एरवी दहा भरत नसत. मोठ्या सणाला मात्र नांदेड, परळी, उदगीर इथून माणसं येत. शनिवारी प्रवास करायचा नाही, म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत ती पोचली पाहिजेत. नांदेडहून यायचं तर लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी येणार, आणि मध्ये कुठे टायर बसला की माझा जीव टांगणीला. शुक्रवारी मी काळ्या मनुका भिजत घालायची. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार मावळल्यापासूनच्या देवाच्या वाराला, द्राक्षाची दारू लागते, ती कुठून आणणार? कोकणापासून आमच्यात मनुकांचं शरबतच चालतं. दिव्यासाठी काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल आणि त्यावर तरंगती वात. तेल अक्कांच्या दुकानातलं, करडईचं.

नांदेडहून येणाऱ्यांत पहिले असायचे डॅनिएलकाका. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, ताठ, पांढऱ्या मिशा, आमच्या या फुटकळ जमातीचे मुकादम. मुकादम म्हणजे आमच्यात मंडळीचा प्रमुख. काका स्वतःचं ताट, स्वतःचा पेला बरोबर घेऊन यायचे आणि नियमाच्या बाबतीत गाडीच्या वेळेपेक्षा कडक. माणूस मनाचा वाईट नव्हता. ते म्हणायचे, "एस्तेर, आपण मूठभर. मूठ जरा सैल सोडली की काय उरणार?" त्यांच्या ओळखीची निम्मी माणसं इस्रायलला निघून गेली होती, स्वतःचा मुलगासुद्धा. त्यांची भीती मला कळायची.

पण आमची खोली म्हणजे एसटी स्टँडच होती. कोचीनचा एक बँक अधिकारी यायचा, तो तीच प्रार्थना इतक्या वेगळ्या चालीत म्हणायचा की सगळे वाट चुकायचे. कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घराण्यातला एक इंजिनिअर आला, त्याला आमचा मलिदा बघून प्रश्न पडला की हे ज्यू आहेत की काय आहेत. मलिदा म्हणजे गोड पोहे, त्यात खोबरं, वेलची, वर फळं. नवस फेडायचा असला की आम्ही एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या नावानं तो करतो. अक्कांना मी पहिल्या मलिद्याला बोलावलं तेव्हा काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे कशाला?" अक्का शेवटपर्यंत मांडी घालून बसल्या, प्रसाद पदरात घेतला आणि म्हणाल्या, "देव चांगला हाय तुमचा. पोहं खातो." काकांनी मिशीवरून हात फिरवला. हसू लपवायचं असलं की ते तसं करत.

मग दुष्काळ आला. पावसाळा नुसताच ढग दाखवून गेला. नळ कधी येईल याचा भरवसा राहिला नाही, विहिरींचे तळ दिसायला लागले. वॉर्डात बाळंतिणीला पुसून घ्यायला पाणी पुरवून वापरायचं, आणि घरी भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी. गल्लीत टँकर आला की बायका घागरी घेऊन धावायच्या. भांडणं तर अशी व्हायची की वॉर्डातला आरडाओरडा त्यापुढे भजन वाटावा.

आमच्या गल्लीच्या टँकरवर याकूब होता. चाकूरचा, चाळिशीचा, बोलायला कमी. गल्लीला तो मुसलमान वाटायचा, मलाही. तो भांडणं होऊ द्यायचा नाही. पाइप स्वतःच्या हातात धरायचा आणि म्हाताऱ्या बायकांच्या घागरी आधी भरायचा. अक्कांची घागर तर तो उचलून दारात ठेवायचा.

एका शुक्रवारी तिन्हीसांजेला त्याचा टँकर आला. सण जवळ आला होता, म्हणून काका आधीच येऊन राहिले होते. मी दिवे लावले होते. याकूब अक्कांची घागर ठेवून वळला आणि आमच्या खिडकीपाशी खिळून उभा राहिला. पेल्यातल्या वातीकडे बघत होता.

"काय रे याकूब?" मी विचारलं.

"सिस्टर, खाली पानी अन् वर तेल. माझा बाप असाच लावायचा. सुक्करवारी."

मी हातातली केरसुणी खाली ठेवली. "तुझे वडील कोण?"

 त्यानं डोक्याचा रुमाल सारखा केला, उजव्या हातानं डोळे झाकले आणि हळूच म्हणाला, "शेमा इस्राएल." आमच्या रोजच्या प्रार्थनेचे हे पहिले शब्द. पुढचेही म्हणाला, थोडे मोडके, पण कोकणी धाटणीचे. अगदी माझ्या आजोबांसारखे.

मी त्याला हाताला धरून आत आणलं. गोष्ट साधी होती. त्याचा बाप शिमोन, आमच्यातला, निजामाच्या काळात रेल्वेच्या कामावर मिस्त्री म्हणून इकडे आला. खडी फोडायला येणाऱ्या वडारांच्या मुलीशी त्यानं लग्न केलं. त्याच्या घरच्यांनी नाव टाकलं, तिच्या घरच्यांनीही टाकलं, आणि दोघं चाकूरला राहिली. आई आधीच गेली. बाप याच उन्हाळ्यात गेला.

"पुरलं आमी त्याला," याकूब काकांना म्हणाला. "पर वर कुनी काय म्हनलं न्हाई. त्यो मरताना म्हनला, माझ्यासाठी कद्दीश म्हन. दहा मानसं लागत्यात. म्या कुटून आनू दहा, साहेब? तुमच्याकडं हायत."

कद्दीश ही मुलानं मेलेल्या आईबापासाठी म्हणायची प्रार्थना. तिच्यात मरणाचा एक शब्द नाही, नुसती देवाची स्तुती आहे. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. दहा पुरुष असले तरच.

काकांचा चेहरा पडला. त्यांना वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं. पण ते म्हणाले, "बाळा, आपल्यात धर्म आईकडून येतो. तुझी आई आपली नव्हती. तू मुंबईला जा. तिथे तिघा जाणत्यांसमोर तेविला घ्यावा लागेल, म्हणजे पाण्यात बुडी. रीतसर झालं की मग ये."

"पान्यात बुडी?" याकूबनं बाहेर टँकरकडे पाहिलं.

"ते नाही. आभाळातून पडलेलं किंवा जमिनीतून आलेलं पाणी लागतं. भरून आणलेलं चालत नाही."

"म्हंजी माझं पानी न्हाई चालत," याकूब म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते मला जास्त लागलं. तो उठला, शरबताचा पेला त्यानं दोन्ही हातांत धरला होता तो मला परत दिला आणि गेला.

मी काकांशी भांडले. शालोमही माझ्या बाजूनं बोलले. काका एवढंच म्हणाले, "मला बदलायचा अधिकार असता तर मी बदललं असतं, एस्तेर." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आणि सण आला. योम किप्पुर, वर्षभराच्या पापांची क्षमा मागायचा दिवस. आमच्या जुन्या मराठी बोलीत त्याला दारफाळणीचा सण म्हणतात, कारण त्या दिवशी दारं लावून घ्यायची. एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, पायात वहाण नाही. पांढरे कपडे घालायचे, आत बसून प्रार्थना करायची आणि परक्या माणसाला शिवायचंही नाही. सिनेगॉग झाली तशी शहरात ही रीत मागे पडली, पण काकांनी ती सोडली नव्हती. आणि त्यांनी नांदेड-परळीची माणसं गोळा करून दहाचा आकडा कसाबसा जमवला होता, म्हणून आम्हीही मान्य केलं. दिवस मावळला, मी दार लावलं आणि कडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाहेर काहीतरी चाललं होतं. कुणीतरी दबक्या आवाजात बोलत होतं. मग ओट्यावर तांब्याचं भांडं ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं आणखी एक. मग पितळेचं. घागर ठेवल्याचा आवाज पाणी भरलेली असली की बसका येतो, आणि दुष्काळात तो आवाज कुणाच्याही कानाला बरोबर कळतो. आत मंडळी छाती बडवत क्षमा मागत होती, कुणी हुंदके देत होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचार करत होते, की आज टँकरचा दिवस नाही, मग हे पाणी कसलं? काका माझ्याकडे बघून मान हलवायचे. दार उघडायचं नाही.

ऊन कलायला लागलं तशी दारावर थाप पडली. अक्का होत्या.

"सिस्टर! अवो सिस्टर! सांज होऊन राहिली. मयत कवा उचलायची? मानसं कवाधरनं थांबल्यात!"

आत प्रार्थना थांबली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, जणू खरंच आपल्यातलं कुणीतरी गेलंय आणि आपल्याला पत्ता नाही.

"अन् तुमच्यात जाळत्यात का पुरत्यात?" अक्कांचा आवाज. "पुरायचं असंल तर बसवराज कुदळ घिऊन हुबा हाय. जमीन लई कडक झाली, येळ लागंल खांदायला!"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. लावलेलं दार, पांढरे कपडे, अनवाणी माणसं, रडण्याचा आवाज, आणि दिवसभर चुलीचा धूर नाही. गल्लीनं याचा दुसरा काय अर्थ काढावा?

काकांनी हात वर करून मला थांबवलं. पण दहांत माझी मोजणी नव्हती आणि दार माझ्या ताब्यात होतं. मी कडी काढली.

ओट्यावर, पायरीवर, उंबऱ्याला लागून घागरी होत्या. हंडे, कळश्या, एका घरचा नुसता तांब्या. प्रत्येकावर ताटली झाकलेली. ज्या बायका वाटीभर पाण्यावरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, त्यांनी मयताच्या आंघोळीला आणि खांदेकऱ्यांच्या हातपायांवर घालायला आपल्या घरचं पाणी आणून ठेवलं होतं. बाजूला फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठल्याचं पातेलं, मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. खाली रस्त्यावर गल्लीतले पुरुष उभे होते. आणि घागरींच्या मधोमध, पांढरा सदरा घालून, अनवाणी, ओठ सुकलेला याकूब बसला होता.

काका माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी घागरी पाहिल्या, मग याकूबला पाहिलं. "हे तू आणवलंस?"

याकूब उठला. "न्हाई, साहेब. काल ड्यूटी बदलून आलो तवर दार लागलं व्हतं. म्हनलं, भायेर बसावं, आतलं ऐकू तरी येतंय. सकाळी यांनी इचारलं, रडतोस कशापायी? म्या म्हनलं, बाप मेला. खोटं न्हाई बोललो, साहेब. मंग कुनी काय ऐकंनाच."

"काय ऐकायचं?" अक्का पुढे झाल्या. "आमाला पानी पाजतोस, अन् तुझ्या बापाच्या आंघुळीला पानी नगं? असं कसं?"

काका घागरींकडे बघत होते. "तू दिवसभर इथे बसून काय केलंस?"

"पानी राखलं. कुत्री त्वांड घालत्यात."

"आणि प्यायलास?"

याकूब जरा बुचकळ्यात पडला. "आज कसं पिनार, साहेब? उपास हाय ना."

तो काल संध्याकाळपासून तोंड कोरडं ठेवून बसला होता, तेही भरलेल्या घागरींच्या मध्ये, लातूरच्या दुष्काळात. आम्ही निदान सावलीत होतो. मला रडू आवरलं नाही आणि मी ते आवरलंही नाही.

 काकांनी दाराचं दुसरं फळकूटही उघडलं आणि अंग चोरून बाजूला झाले. "मयत झालेली आहे," ते म्हणाले, आपल्याशीच बोलल्यासारखे. "मग कद्दीश झाला पाहिजे. आत ये. येतो का तुला?"

"थोडा येतो. बाप म्हनायचा त्याच्या बापासाठी, एकटाच, भितीकडं त्वांड करून."

"मी पुढे म्हणतो, तू मागून म्हण."

बापाला चाकूरला पुरून झालंय, असं याकूबनं अक्कांना सांगितलं, आणि मयत रात्रीच नेली असणार असं गल्लीनं धरलं. शेवटची प्रार्थना दार सताड उघडं ठेवून झाली. गल्लीतले पुरुष मयताचा मान म्हणून टोप्या काढायला लागले. आमच्यात डोकं झाकलेलं लागतं, म्हणून मी खुणा करून करून त्यांना त्या परत घालायला लावल्या. आत दहा माणसं उभी आणि त्यांच्यापुढे याकूब, काकांच्या खांद्याला खांदा लावून. काका एकेक शब्द सावकाश सुटा करून द्यायचे. गार्डानं निशाण दाखवून गाडी पुढे काढावी तसं ते त्याला ओळीमागून ओळ पुढे नेत होते. दहा जण आमेन म्हणाले. त्या आमेनची वाट तो माणूस उन्हाळ्यापासून बघत होता. त्याचा आवाज एकदाच फुटला, त्या पहिल्या आमेननंतर.

प्रार्थना संपली की आमच्यात शेजाऱ्याचे हात हातांत घ्यायचे आणि मग आपली बोटं ओठांना लावायची. मुकादमापासून सुरुवात होते आणि हातातून हातात ते पुढे जातं. काकांनी पहिले हात याकूबचे घेतले. याकूबला पुढची रीत ठाऊक नव्हती. तो सरळ दाराशी गेला आणि त्यानं अक्कांचे हात घेतले. अक्कांनी बसवराजचे. ते तसंच पायऱ्या उतरून गल्लीत गेलं, आणि कुठवर गेलं ते मला दिसलं नाही, कारण अंधारून आलं होतं.

याकूबचा तेविलाही पुढे झाला. पाऊस झाल्यावर काका स्वतः त्याला मुंबईला घेऊन गेले. नियमाचं माणूस, नियम पुरा केल्याशिवाय त्यांना चैन पडलं नसतं. त्यानंतर तो दहांत मोजला जाऊ लागला. पण तोवर दहा भरणंच कठीण होत गेलं. एकेक घर इस्रायलला गेलं, बदलीवाले बदलून गेले, आणि एका वर्षी आम्ही मोजायचंच सोडून दिलं. त्याची हळहळ मला अजून आहे. आता खोलीत मी दिवा लावते, याकूब येतो, अक्कांचा नातू तेल आणून देतो.

पण मला सांगायचं होतं ते त्या सणाच्या दुसऱ्या दिवसाचं. योम किप्पुरच्या दुसऱ्या दिवसाला आम्ही शिळा सण म्हणतो. आदल्या दिवशी दार लावलेलं असतं, म्हणून या दिवशी माणसांत जायचं, भेटायचं, दानधर्म करायचा. आमच्यापुढे त्या दिवशी एकच काम होतं. गल्लीचं पाणी गल्लीला परत करायचं.

"आणि खरं काय ते सांगायचं," काका म्हणाले. "काल दिवसभर खोटं बोलल्याची क्षमा मागितली. आज त्या लोकांना अंधारात ठेवायचं नाही. आपल्या घरात कुणी मेलेलं नव्हतं, हे मी सांगणार."

भांड्यांवर नावं कोरलेली होती, तेव्हा कुठलं कुणाचं हे कळत होतं. परक्याचं ताट रिकामं परत करायचं नाही म्हणून मी पहाटे उठून मलिदा केला होता आणि प्रत्येक घागरीवरच्या ताटलीत घातला. काकांनी एक घागर खांद्यावर घेतली. मी म्हटलं, या वयात कशाला, तर ऐकेनात. दुसरी याकूबनं घेतली. मी मागे अक्कांची कळशी घेऊन.

पहिलं घर अक्कांचं. त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी ताटलीतला मलिदा पाहिला, ताटली कपाळाला लावली आणि कळशी आत घ्यायला बसवराजला हाक मारली. मग काकांना घागर खाली टेकवून जवळ बसायला जागा करून दिली. मयताच्या घरच्या माणसाशी बोलतात तशा आवाजात त्यांनी विचारलं, "काल गर्दीत इचारता आलं न्हाई. गेलेला मानूस तुमचा कोन लागत व्हता?"

मी काकांकडे पाहिलं. आता ते सांगणार, की बाई, काल आमच्याकडे मयत नव्हती, तो आमचा सण होता. त्यांनी तोंड उघडलं. याकूब दोन पावलांवर उभा होता, खांद्यावर घागर, नजर जमिनीकडे. काका त्याच्याकडे बघत राहिले. त्यांची मिशी थरथरली, पण या वेळी त्यांनी तिच्यावरून हात फिरवला नाही.

"भाऊ," ते म्हणाले. "माझा भाऊ होता तो."

अक्कांनी मान हलवली आणि काकांच्या पाठीवरून हात फिरवला. काकांनी तो फिरवू दिला. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, घागर परत खांद्यावर घेतली आणि पुढच्या घराकडे चालू लागले. याकूब जागचा हलला नव्हता. घागरीतलं पाणी डचमळून त्याच्या खांद्यावर सांडत होतं.

"चल रे," काका मागे न बघता म्हणाले. "ऊन होईल."

याकूबनं घागर सारखी केली आणि झपाझप पावलं टाकत त्यांना गाठलं.

"काका," तो म्हणाला, "ती घागर इकडं द्या. लई जड हाय."